खालच्या शिवणीतलं भोक

धाकटे येणार हे नक्की झाल्यावर घरात पहिला प्रश्न निघाला तो बर्फाचा. एकतीस वर्षांनी सख्खा भाऊ उंबरा ओलांडणार, त्याला कुठं बसवायचं, काय बोलायचं, ते सगळं राहिलं बाजूला. थोरल्यांनी विचारलं, "बर्फ किती लागेल?" वहिनींनी सांगितलं, "आठ किलो. आणि खडे मीठ दोन." संपली चर्चा. पन्नास वर्षांच्या संसारात या नवराबायकोनं बऱ्याच मोठ्या गोष्टी अशाच किलोवर निभावून नेल्या होत्या.

तहाच्या अटी आत्यांनी ठरवल्या होत्या. आत्या म्हणजे या दोघा भावांच्या मधली बहीण. भांडण झालं तरी त्यांचं दोन्ही घरी जाणंयेणं चालूच राहिलं. "मला बाई कुणाच्या मध्ये पडायचं नाही" असं म्हणून त्या सुरुवात करायच्या आणि मग तासभर मध्ये पडून असायच्या. अटी साध्या होत्या. धाकट्यांनी आईची वही आणायची. थोरल्यांनी आईचा आइस्क्रीमचा पॉट काढायचा. वहीत लिहिलंय तसं, अक्षरन् अक्षर, सगळ्यांसमोर आइस्क्रीम करायचं. आईच्या हातची चव आली तर वही खरी, मग धाकट्यांनी "चुकलो" म्हणायचं आणि येणंजाणं सुरू. नाही आली, तर थोरल्यांनी वहीतलं पान फाडून ठेवलं हे सिद्ध, आणि धाकटे जिना उतरतील ते परत या घराची पायरी चढणार नाहीत.

"मग मी मेलो तरी त्याला कळवायचं नाही," धाकट्यांनी फोनवर बजावलं होतं.

"त्याला सांग, मी मेलो तर मीही कळवणार नाही," थोरल्यांनी उलट निरोप दिला. हे तसंही त्यांना जमणार नव्हतं, पण आत्यांनी निरोप जसाच्या तसा पोचवला.

एवढं सगळं एका पानावरून. आई गेल्यावर वाटणी झाली तेव्हा पॉट थोरल्यांकडे आला, वही धाकट्यांकडे गेली आणि शिवणयंत्र आत्यांनी नेलं. तिघंही खूश होते. मग धाकट्यांच्या घरी वहीबरहुकूम आइस्क्रीम झालं आणि ती चव काही येईना. धाकटे छापखान्यात मुद्रितशोधक. वहीत अकराव्या पानानंतर तेरावं येतं हे त्यांनी आठ दिवसांत पकडलं. दुसऱ्या कुणी ते आयुष्यभर पाहिलं नसतं. आणि थोरले कोण, तर वजनमापांचे निरीक्षक. ते बाजारात शिरले की दुकानदार न सांगता तराजू पुसायला घ्यायचे. अशा माणसाला सख्खा भाऊ भर जिन्यात म्हणाला, "दादा, बारावं पान कुठंय?" त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. बारावं पान कुठं गेलं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. आई पाहुण्यांना पत्ता लिहून द्यायची झाली तरी हाताला लागेल तो कागद फाडायची, हे तिघांनाही माहीत होतं. पण भांडणाच्या वेळी असल्या गोष्टी आठवत नाहीत.

अकराच्या सुमाराला थोरल्यांचे जावई पॉट घेऊन आले. जावयांचा फ्रिज दुरुस्तीचा धंदा. सासऱ्यांनी पॉट साफ करायला दिला म्हणजे त्यांना तो मानच वाटला होता. चार दिवस दुकानातले तीन फ्रिज तसेच ठेवून त्यांनी पॉटच हाताळला.

"आई, बघा तरी!" त्यांनी पॉट ओट्यावर वहिनींपुढं ठेवला. "लाकडी बादलीच्या पट्ट्या आवळल्या. दांड्याला तेल दिलं. आता नुसतं बोट लावा, फिरतो. आणि आतल्या डब्याच्या खालच्या शिवणीला टाचणीएवढं भोक होतं. कधीपासून होतं देव जाणे. बुजवून टाकलं. शिशाचं नाही हं, चांदीचं सोल्डर मारलंय. आता पन्नास वर्षं थेंब आत जायचा नाही."

वहिनींनी गॅस बंद केला.

"काय झालं?" जावयांनी विचारलं.

"काही नाही. दूध उतू जात होतं."

दूध अजून पिशवीतच होतं.

"ते सोल्डर," वहिनींनी जरा थांबून विचारलं, "निघतं का?"

"निघतंय कसलं! चांदीचं आहे," जावई अभिमानानं म्हणाले.

वहिनी स्टुलावर बसल्या. त्या भोकाची आणि त्यांची ओळख लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. आइस्क्रीम करताना आतल्या डब्यात दूध आणि बाहेरच्या बादलीत बर्फ आणि खडे मीठ. मिठानं बर्फ वितळायला लागतो आणि नुसत्या बर्फाहून जास्त गार होतो, म्हणून तर दूध गोठतं. ते खारट पाणी बाहेरच राहायला हवं. या घरात ते दर खेपेला चमचाभर आत यायचं. त्यानं आइस्क्रीम खारट लागायचं नाही, गोडाला नुसती धार यायची, आणि खाणारा म्हणायचा, काहीतरी वेगळं आहे बुवा यांच्याकडं. डबा घासताना नव्या सुनेला ते भोक दिसलं होतं. सासूबाईंना ठाऊक होतं की नाही, हे विचारायची तिची तेव्हा छाती झाली नाही. पुढं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागला, "आईचा हात माझ्याकडे आलाय." आता त्याला काय सांगणार, की आईचा हात नाही, डब्याचं बूड गळकं आहे?

पण न सांगण्याचं खरं कारण ते नव्हतं आणि वहिनींना ते पक्कं ठाऊक होतं. भांडण झालं त्या दिवशी धाकटी, म्हणजे धाकट्यांची बायको, जिन्यातून ओरडून म्हणाली होती, "वहिनी लपवतात! मी विचारलं की नुसत्या हसतात!" ते खरंच होतं. आणि खरं होतं म्हणूनच वहिनींच्या वर्मी लागलं. मनात म्हटलं, ढवळ मग तू आता. येईल शहाणपण. सांगू पुढच्या वर्षी, सांगू त्याच्या पुढच्या वर्षी, असं करता करता बावीस वर्षं गेली आणि मग धाकटीच गेली. त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती.

धाकटे बाराला येतो म्हणाले होते ते बाराला आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही, खिशात लाल पेन्सिल. दारात चपला काढताना त्यांनी एकदा वर पाहिलं आणि थोरल्यांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"अक्का, त्याला सांग, आलोय म्हणून," धाकटे आत्यांना म्हणाले.

"त्याला म्हणावं, दिसतंय," थोरले म्हणाले.

आत्या खुर्चीत सरसावून बसल्या. त्यांचा दिवस चांगला जाणार होता.

थोरल्यांची लेक दातांची डॉक्टर. ती माणूस जबड्यापासून ओळखायला सुरुवात करायची. काकांचे वरचे दोन पुढचे दात नवे आहेत आणि बसवणाऱ्यानं काम उरकलंय, हे तिनं पाया पडता पडता पाहून घेतलं. काका किती वाळलेत हे तिच्या नंतर लक्षात आलं, आणि ती पाणी आणायला म्हणून आत गेली ती जरा वेळ आतच राहिली.

मग स्वयंपाकघरात कामाला सुरुवात झाली. धाकटे ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसले, मांडीवर वही आणि हातात पेन्सिल. वहिनी एकेक जिन्नस घालणार, धाकटे वाचणार आणि खूण करणार.

"दूध दोन लिटर. आटवून दीड."

"आटलं."

"दाखवा." धाकट्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि खूण केली. "साखर तीन वाट्या. वाटी कुठली?"

"आईंचीच. ही बघा, काठ चेपलेली."

धाकट्यांनी वाटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग खूण केली. "साय एक वाटी. व्हॅनिला चार थेंब. गार करून डब्यात घालावे. बस. पुढचं पान नाही."

"पुढं काही असायला हवं का?" थोरले दाराशी उभं राहून भिंतीला म्हणाले. "झालं की सगळं. पुढच्या पानावर आता काय, खावे असं लिहायचं?"

"अक्का, त्याला सांग, मी पान मागतोय, विनोद नाही."

वहिनींचा डोळा मिठाच्या बरणीवर होता. बरणी हातभर अंतरावर. एक चिमूट. एका चिमटीत एकतीस वर्षं मिटतील, कुणाला काही सांगायला नको, नवऱ्याचा हात नवऱ्यापाशी राहील, जावयांची चांदी जावयांपाशी राहील. धाकटे चष्मा पुसायला लागले तसा त्यांनी हात बरणीत घातला.

"वहिनी, वहीत मीठ नाही," धाकटे चष्मा न लावताच म्हणाले. आयुष्यभर बारीक टाइप वाचलेला माणूस तो.

वहिनींची चिमूट बरणीच्या तोंडाशीच राहिली.

"मी... सवयीनं गेला हात," वहिनी म्हणाल्या.

"गोडात? सवयीनं?"

"मीठ?" थोरले आत आले. "अगं, मीठ? माझ्या आईच्या आइस्क्रीममध्ये?"

"म्हणजे बघ, अक्का." धाकट्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "वहीत नसलेलं काहीतरी या घरात घालतात. मी म्हणत होतो तेच. फक्त मला वाटायचं दादा लपवतो. वहिनींचं माझ्या डोक्यात नव्हतं."

"मलाही तेच वाटतंय हो," आत्या म्हणाल्या. सकाळी त्या थोरल्यांच्या बाजूच्या होत्या. आता त्यांनी खुर्ची उचलून धाकट्यांच्या शेजारी नेली, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

चिमूट परत बरणीत गेली. पातेलं झाकून फ्रिजमध्ये गेलं. दूध गार व्हायला दोन तास लागणार होते आणि तेवढा वेळ एका घरात काढायचा होता.

जेवणं झाली. कुणीतरी बोलायला हवं म्हणून आत्यांनी आइस्क्रीमचा उगम काढला. "आइस्क्रीम मुळात आपल्याच आजीनं शोधलं. आजोबा बर्फाच्या कारखान्यात होते ना, तिथं एकदा मिठाचं पोतं बर्फावर फुटलं. शेजारी आजीनं डब्यात दूध पाठवलेलं. संध्याकाळी बघतात तर दूध दगड! तिथून जगभर पसरलं."

"आत्या, जगभर?" लेक म्हणाली.

"मग! आजोबांच्या कारखान्यात बाहेरचे पुष्कळ लोक यायचे."

धाकट्यांना चुकीचं काही ऐकून गप्प बसणं शक्यच नव्हतं. धंदाच तो. "अक्का, तसं काही नाहीये. कुणा एकानं शोधलेलं नाही ते. जुने राजेमहाराजे डोंगरावरचा बर्फ आणवायचे, त्यावर मध नि फळांचा रस घालून खायचे. मिठानं बर्फ जास्त गार होतो हे आपल्या आजोबांच्या कित्येक शतकं आधी लोकांना कळलं होतं. तेव्हा डबा बर्फात बुडवून तास न् तास हातानं हलवत बसायचे. हा दांडा फिरवायचा पॉट मागनं आला, पावणेदोनशे वर्षं झाली असतील. एका बाईनं काढला तो."

"बाईनं ना?" आत्या विजयानं म्हणाल्या. "मग आजीच ती."

थोरले हसले. एकदम, आवाज करून. मग आपण कुणाच्या बोलण्यावर हसलो हे लक्षात येऊन त्यांनी खोकला काढला. पण धाकट्यांनी ते पाहिलं होतं, आणि त्यांच्याही तोंडाचा एक कोपरा हलला होता. लेकीनं दोन्ही टिपलं.

मागच्या गॅलरीत वहिनींनी लेकीला आणि जावयांना बोलावून सगळं सांगून टाकलं. भोक, खारं पाणी, चव, सगळं.

जावई पांढरे पडले. "म्हणजे मी... मी चांगलं करायला गेलो हो!"

"तुमची काय चूक? गळकं भांडं कुणी गळकंच ठेवा म्हणतं का?"

"दुकानातून ड्रिल आणतो. वीस मिनिटं. टाचणीएवढंच पाडतो, कुणाला कळणार नाही."

"आणि काका डबा तपासतील तेव्हा?" लेक म्हणाली. "त्यांनी आत्तापर्यंत दोनदा टॉर्च मागितलीय. आई, सांगून टाक."

"तुझ्या बाबांना काय वाटेल?"

"बाबांना वाटेल त्यांचा हात गेला. जाऊ दे गेला तर. काका गेले तर परत येणार नाहीत."

"मला तोंड नाही गं सांगायला," वहिनी म्हणाल्या. "आज माहीत झालं असतं तर सांगितलं असतं. मला तेव्हापासून माहीत आहे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसायचं टाळलं. "चल. दूध गार झालं असेल."

साडेतीनला पॉट मध्ये ठेवला. धाकट्यांनी टॉर्च मारून डबा आतून बाहेरून पाहिला, शिवणीवरच्या नव्या चांदीवरून बोट फिरवलं आणि "काम स्वच्छ आहे" म्हणाले. जावयांनी मान खाली घातली. दूध डब्यात गेलं, झाकण बसलं, भोवती बर्फाचा थर, मिठाचा थर, पुन्हा बर्फ. आता दांडा फिरवायला एक माणूस आणि बादली हलू नये म्हणून धरायला एक.

"मी धरतो," जावई म्हणाले.

"नको," दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

लहानपणी एक फिरवायचा आणि एक बादलीवर पाय रोवून बसायचा. तेच बसले. एकोणऐंशीचे थोरले दांड्यावर, बहात्तरचे धाकटे समोर, गुडघ्याला गुडघा लावून. पहिले दोनशे फेरे दांडा सरसर गेला. नंतर जड व्हायला लागला.

"घट्ट धर," थोरले म्हणाले.

"धरलंय. तू तिरका फिरवतोस."

"मी तिरका फिरवतो?"

"पहिल्यापासून."

आत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. निरोप पोचवायला उरलेच नव्हते.

थोरले फिरवत राहिले. त्यांच्या दंडाला रग लागली होती, पण दांडा सोडवत नव्हता. समोर धाकट्याचं टक्कल होतं. याला टक्कल कधी पडलं? धाकटी गेली त्या दिवशी ते याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले होते. कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. तिथं उभं राहून त्यांनी उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि परत आले. हे त्यांनी वहिनींनाही सांगितलं नव्हतं. आता सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण आधी आइस्क्रीम होऊ दे. चव आली की तो चुकलो म्हणेल, मग आपण सांगू. क्रम बरोबर असला पाहिजे.

"तीसुद्धा करायची," धाकटे एकदम म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "दर उन्हाळ्यात. वही समोर ठेवून. साखर मोजून, दूध मोजून. मशीन आणलं, ते नाही जमलं म्हणून दुसरं आणलं. पहिला चमचा मला द्यायची आणि तोंडाकडे बघत बसायची. मी म्हणायचो, नाही, ती चव नाही." त्यांनी बादली दुसऱ्या हातानं धरली. "शेवटी म्हणाली, माझ्या हातालाच नसेल. मी म्हटलं, तसंच असेल."

वहिनी ओट्याला पाठ टेकून उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

दांडा थांबला. "झालं," थोरले म्हणाले.

झाकण उघडलं. पांढरं, घट्ट, सरळ कडांचं आइस्क्रीम. सहा वाट्या भरल्या. थोरल्यांनी पहिला चमचा घेतला, जीभ टाळूला लावली आणि डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडं पाहत होते. त्यांनी दुसरा चमचा घेतला.

आता थोरले नुसते "वा" म्हणाले असते तरी चाललं असतं. एकतीस वर्षांनी कुणाची जीभ शपथेवर सांगणार होती? पण माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांची खोटी वजनं पकडली होती.

"नाही," ते म्हणाले. "ही ती नाही."

धाकट्यांनी चमचाभर खाल्लं. चेहरा हलला नाही. "घरी व्हायचं तेच. अगदी तेच." त्यांनी वाटी खाली ठेवली, वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, पेन्सिल खिशात लावली. "म्हणजे दादा, आपलं ठरल्याप्रमाणं."

"मी पान फाडलं नाही रे," थोरले म्हणाले. आवाज निरीक्षकाचा नव्हता. "आईशप्पथ नाही."

"मग ती चव कुठनं येते तुझ्याकडं?"

"मला नाही माहीत! मी हाच दांडा फिरवतो, हेच घालतो... मला काय माहीत!"

धाकटे उठले. पिशवी खांद्याला लावली. आत्या रडायला लागल्या आणि या वेळी खऱ्याच. धाकटे दाराशी पोचले, एक चप्पल पायात गेली.

"भावजी, थांबा," वहिनी म्हणाल्या. "तुमची वही खरी आहे. पान यांनी नाही फाडलं. बसा."

त्यांनी मिठाची बरणी आणली आणि सगळ्यांसमोर ठेवली. डब्यात उरलेलं पातेल्यात काढून डबा उलटा केला आणि शिवणीवरच्या चांदीवर बोट ठेवलं. "इथं भोक होतं. पहिल्यापासून. आइस्क्रीम करताना मिठाचं पाणी आत यायचं. तीच आईंची चव. दुसरं काही नाही. काल हे बुजवलं."

"मी बुजवलं," जावई म्हणाले. विचारलं कुणी नव्हतं.

वहिनींनी एक वाटी ओढली, चिमटीनं मीठ घातलं, ढवळलं आणि धाकट्यांपुढं धरली. "खा."

धाकट्यांनी एका पायात चप्पल असतानाच खाल्लं. आणि त्यांचा चेहरा असा झाला, की लेकीला चार वर्षांचे काका कसे दिसत असतील ते दिसलं.

थोरल्यांनी त्याच वाटीतला चमचा घेतला. मग म्हणाले, "म्हणजे माझा हात..."

"नव्हता," वहिनी म्हणाल्या.

"आईचा?"

"त्यांचाही नव्हता."

"तुला कधीपासून माहीत?"

"आल्यापासून." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "भांडण झालं तेव्हाही माहीत होतं. एक शब्द बोलले असते तर मिटलं असतं. मला राग आला होता. धाकटी मला लपवतात म्हणाली, आणि मी लपवत होते, म्हणून राग आला. नंतर सांगू म्हटलं. मग ती गेली. भावजी, मी वाईट वागले तिच्याशी. तुमच्याशीही वागले, पण तुमचं मी आज भरून काढू शकते. तिचं नाही काढू शकत."

तहाप्रमाणं आता धाकट्यांनी "चुकलो" म्हणायचं होतं. थोरले त्याची एकतीस वर्षं वाट पाहत होते, आणि ते म्हटल्यावर आपण काय म्हणायचं हेही त्यांनी कितीतरी वेळा ठरवून ठेवलं होतं. धाकटे परत आले, खुर्चीत बसले, हातातल्या वाटीकडं पाहत राहिले.

"चुकलो, दादा," ते म्हणाले.

पण ते थोरल्यांकडं बघत नव्हते. मीठ घातलेली वाटी त्यांनी टेबलावर लांब सरकवली.

"वहिनी, हे नको मला. ते द्या. बिनमिठाचं. मघाचं."

वहिनींनी त्यांची पहिली वाटी त्यांच्या पुढं ठेवली. आइस्क्रीम कडेनं सुटायला लागलं होतं. धाकट्यांनी चमचा भरून घेतला आणि खाल्लं. आणखी एक घेतला. सावकाश, एकेक चमचा, कुणाकडं न बघता, तळ लागेपर्यंत. मग वाटी पुढं केली.

"अजून आहे?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी वाटी पुन्हा भरली.

"चांगलं आहे," धाकटे म्हणाले. "वहिनी, हे चांगलं आहे हो. दर वर्षी असंच व्हायचं. मी एकदाही म्हटलं नाही तिला."